पोटातलं पाणी गोळ्यांनी उतरेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

लिव्हर सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, पेशंटच्या पोटात पाणी झालं की लघवीच्या गोळ्या सुरू होतात आणि चार दिवसांत घरचे म्हणू लागतात, ‘गोळ्या लागूच पडत नाहीत.’ कधीकधी डॉक्टरही केसपेपरवर तेच लिहून मोकळे होतात. पण हा शेरा साधा नाही. एकदा तो बसला की पेशंटच्या नशिबी वारंवार पोटातलं पाणी काढून घेणं येतं. म्हणून तो मारण्याआधी दोन गोष्टी बघायलाच हव्यात: रोजचं वजन आणि लघवीतलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक.

घाई करू नका. स्पायरोनोलॅक्टोन या लघवीच्या मुख्य गोळीचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. बहुतेकांना १०० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, जोडीला फ्रुसेमाइड ही लघवीची दुसरी गोळी ४० मिलिग्रॅम, आणि उतार नसेल तर काही दिवसांच्या अंतराने दोन्ही त्याच प्रमाणात वाढवतात, जास्तीत जास्त ४०० आणि १६० पर्यंत. पहिल्याच पायरीवर थांबून ‘उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे औषधाला संधीच न देणं. उलटी चूकही होते. लघवी खूप होतेय म्हणजे पाणी उतरतंय, असं घरचे समजतात. लघवी किती झाली यापेक्षा तिच्यातून मीठ किती गेलं, हे महत्त्वाचं.

पोटाचा घेर टेपने मोजून फारसं कळत नाही, गॅसनेही तो बदलतो. सकाळी लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. पायांवर सूज असेल तर दिवसाला एक किलोपर्यंत उतार ठीक. सूज नसेल तर अर्ध्या किलोच्या वर जाऊ नये, कारण पोटातलं पाणी रक्तात परत शोषलं जाण्याला मर्यादा असते. त्याहून वेगाने वजन घटलं तर ते रक्तातलं पाणी कमी होऊन घटतं, आणि फटका किडनीला बसतो.

आता सगळ्यात मोठी चूक: लघवीची तपासणीच न करणं. पोटातल्या एका लिटर पाण्यात साधारण १३० मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे जवळजवळ साडेसात ग्रॅम मीठ. पथ्यात दिवसाला सुमारे ५ ग्रॅम मीठ सांगतात, म्हणजे ८८ मिलिमोल सोडियम. घाम आणि शौचातून १० जातं असं धरलं तर उरलेलं ७८ लघवीतून बाहेर पडलं पाहिजे. चोवीस तासांची लघवी साठवणं घरी जिकिरीचं असतं. तेव्हा एका वेळच्या नमुन्यातलं सोडियम आणि पोटॅशियम मोजा. सोडियम पोटॅशियमपेक्षा जास्त असेल, तर दिवसाला ७८ च्या वर सोडियम जात असण्याची शक्यता दाट. सोडियम ९०, पोटॅशियम ४० असा रिपोर्ट आला आणि वजन मात्र तसूभर हललं नाही, तर गोळ्या काम करताहेत आणि मीठ कुठूनतरी पोटात जातंय. अशा वेळी डोस वाढवून काही साधत नाही. सोडियम १२, पोटॅशियम ५० आलं तर किडनी मीठ धरून बसली आहे. इथे डोस वाढवायला जागा आहे का, हे डॉक्टरांनी बघायचं. फ्रुसेमाइड घेतल्यावर लगेच दिलेल्या नमुन्यात सोडियम फुगलेलं दिसतं, हे ध्यानात ठेवून वेळ ठरवा.

‘मीठ तर आम्ही बंदच केलंय, डॉक्टर!’ हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. भाजीत मीठ घालत नाहीतच. पण न्याहारीला पाव, जेवणात लोणच्याची फोड नि पापड, संध्याकाळी फरसाण, कोकणातल्या घरात सुकी मासळी. सैंधवाला ‘उपवासाचं मीठ, चालतं’ म्हणून सूट मिळते, पण तेही सोडियम क्लोराइडच. आणि ‘लो सोडियम’ मिठाची पिशवी आणलीत तर सावध राहा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन आधीच पोटॅशियम धरून ठेवतं, दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोज शहाळं पाजण्याआधीही डॉक्टरांना विचारा. दुसरीकडे, सगळंच अळणी करून पेशंटचं जेवण तुटेल असंही करू नका. डाळ, अंडी, दूध यांतली प्रथिनं त्याला हवीच आहेत. रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलेलं नसेल तर पिण्याचं पाणी तोडण्याचीही सहसा गरज नसते.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक एकटी सगळं फिसकटवू शकते. अशा गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन्स अडवतात, मग लघवीच्या गोळ्यांचा जोर ओसरतो. पेशंटची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा, पाठदुखीची म्हणून घेतलेली पाकिटं तिथे सापडतात.

पाणी सिरॉसिसचंच आहे का, हेही पक्कं हवं. आपल्याकडे पोटाचा टीबी काही दुर्मीळ नाही आणि त्यातलं पाणी या गोळ्यांनी हटत नाही. पहिल्यांदा पाणी झालं की सुईने थोडं काढून तपासलंच पाहिजे. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला (एका प्रथिनातला) फरक डेसिलिटरमागे १.१ ग्रॅम किंवा जास्त असेल तर कारण यकृताच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, हे बहुधा खरं. त्याच नमुन्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरमागे २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या तर पाण्यात जंतुसंसर्ग आहे. तिथे आधी अँटिबायोटिक.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, ‘नॉर्मल’ बघून निर्धास्त राहू नका. स्नायू झिजलेल्या पेशंटमध्ये किडनी थकलेली असूनही तो आकडा कमी दिसतो. आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा. बडबड, दिवसा झोप, हात थरथरणं दिसलं तर पुढच्या डोसची वाट न बघता दवाखाना गाठा.

पूर्ण डोस, खरंखुरं पथ्य, आणि तरीही चार दिवसांत सरासरी ८०० ग्रॅमही वजन घटत नाही, लघवीतलं सोडियम खाण्यातल्यापेक्षा कमी; किंवा डोस वाढवताच किडनी, सोडियम, शुद्ध बिघडते. आता मात्र ‘गोळ्यांना दाद न देणारं पाणी’ म्हणायला हरकत नाही. पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं, खर्च वाचवायला ते टाळू नका. आणि प्रत्यारोपणाची चौकशी त्याच आठवड्यात करा. महाराष्ट्रात मृत दात्याच्या यकृतासाठीची नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे होते. दारू सुटलेली नसेल तर तीही आजच सोडवायला घ्या. काही पेशंटचं पाणी दारू सुटल्यावर काही महिन्यांत पुन्हा गोळ्यांना दाद देऊ लागतं.