नागपुरातल्या डाळ मिलचा अभ्यास : सुरुवात कोडपासून

डाळ मिलची आकडेवारी नावाने शोधू नका. 'डाळ उद्योग' टाकलं की व्यापारी, दलाल, मिल सगळे एकत्र येतात. आधी राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८, म्हणजे प्रत्येक उद्योगाला कोड देणारी सरकारी यादी, उघडा : विभाग १० म्हणजे अन्नपदार्थ उत्पादन, वर्ग १०६१ धान्य दळण, आणि १०६१३ हा नेमका डाळ मिलचा पाच अंकी कोड. लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीतही हाच पाच अंकी कोड असतो.

मग वार्षिक उद्योग सर्वेक्षण बघा. यात कारखाने, कामगार, कच्चा माल, मूल्यवर्धन (उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल वगैरे खर्च वजा करून उरणारं मूल्य) यांचे आकडे मिळतात. पण ते मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांचं आहे : १९४८ च्या कारखाना कायद्यात ही मर्यादा वीज असेल तर किमान १० कामगार, नसेल तर २० अशी होती. त्याखालच्या छोट्या मिल बहुतेक सुटतात, त्यामुळे या आकड्यावरून पूर्ण उद्योगाचा आकार सांगणं चूकच.

खरी गडबड जुन्या आकड्यांत होते. २००४ च्या वर्गीकरणात अन्नपदार्थ विभाग १५ मध्ये होते. दोन्ही मालिका थेट जोडल्या तर आलेखात खोटी उडी दिसते. जुना कोड नव्या कोणत्या कोडशी जुळतो हे दाखवणारा सांख्यिकी मंत्रालयाचा जुळणी-तक्ता वापरा, आणि रुपयांतले आकडे घाऊक किंमत निर्देशांकाने भागून घ्या, नाहीतर तुरीची महागाईच प्रगती वाटेल.

आयात-निर्यातीसाठी कोड वेगळा : तूर ०७१३६०. इथे अख्खी तूर आणि भरडलेली डाळ एकाच शीर्षकात येते, म्हणून हा आकडा मिलच्या उत्पादनाशी ताडू नका. नागपूरच्या कळमना बाजारातली आवक आणि भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभाव संकेतस्थळावर रोजचे मिळतात. हंगामाचा कल तिथेच आधी दिसतो.