टसर पतंग ओळखताना आणि त्याचा कोष सांभाळताना या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात रात्री दिव्याखाली वीतभर पंखांचा पतंग येऊन बसतो. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि ग्रुपवर नाव जाहीर होते: अ‍ॅटलास, म्हणजे तसाच मोठ्या पंखांचा दुसरा एक पतंग. पुष्कळदा तो अ‍ॅटलास नसतोच, आपला रानातला टसर पतंग असतो, ज्याच्या कोषातून टसर रेशीम मिळते. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. काही नोंदींत तो अँथेरिया पाफिया या नावानेही सापडतो. नावाचा घोळ होतो, कारण लोक फक्त पंख बघतात. झाड, अळी, कोष आणि महिना हे चारही सोबत पाहिले तर चुकायला फारशी जागा उरत नाही.

रंगावरून नाव ठरवणे

टसरचा नर बहुधा विटकरी किंवा तांबूस तपकिरी असतो आणि मादी पिवळट ते राखाडी. पण दोघांतही छटा इतक्या बदलतात की रंगावर भिस्त ठेवू नये. आधी पंखांवरची पारदर्शक खिडकी बघा. टसरच्या चारही पंखांवर एकेक गोल, काचेसारखा डोळा असतो आणि त्याभोवती रंगीत कडे. अ‍ॅटलासची खिडकी त्रिकोणी असते, शिवाय त्याच्या पुढच्या पंखाचे टोक सापाच्या डोक्यासारखे वळलेले दिसते. पंख फिकट हिरवे आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील तर तो मून मॉथ. तिथे गोंधळाचे कारणच नाही.

नर की मादी, हे डोक्यावरच्या मिशांवरून ठरवा. नराच्या मिशा रुंद, दाट पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादीचे पोट अंड्यांनी फुगलेले असते, तर नराच्या पुढच्या पंखाचे टोक जास्त आकडेदार.

फोटोत नेमकी हीच माहिती हरवते. पंख पसरलेले असताना थेट वरून एक, मिशांचा जवळून एक आणि शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून एक, असे तीन फोटो घ्या. नाण्याचा व्यास २७ मि.मी. असल्याने मापाचा वाद मिटतो. फ्लॅश थेट मारला तर काचेरी डोळा पांढरा पडतो. बॅटरी बाजूने धरावी.

झाड न बघता अळी उचलणे

टसरची अळी ऐन (या भागातला सादडा), अर्जुन आणि बोर यांच्यावर सापडते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुन ओढ्याकाठी, गुळगुळीत फिकट सालीचा. झाडाची नोंद नसेल तर अळीचे नाव सांगणाऱ्याचे अर्धे काम अडते.

सर्वांत मोठी चूक पाल्याची. येवल्याच्या पैठणीमुळे रेशीम म्हटले की आपल्याकडे तुतीच डोळ्यांसमोर येते. रानातली अळी घरी आणून तिच्यापुढे तुतीचा पाला टाकला जातो आणि ती उपाशी मरते. तुतीचा रेशीमकिडा वेगळा, तो माणसाने पाळून पाळून उडणेही विसरला आहे. टसरची अळी ज्या झाडावर मिळाली त्याच झाडाचा पाला तिला द्यायचा. अधेमधे झाड बदलू नका, ऐनावरून अर्जुनावरसुद्धा शक्यतो नको.

सागाची पाने चाळणीसारखी झाली म्हणजे टसर आला, असेही समजू नका. पावसाळा सरताना सागाच्या पानाची नुसती जाळी उरते ते सागाची पाने जाळीदार करणाऱ्या लहान पतंगाच्या अळीचे काम. पावसाच्या तोंडावर कोवळी पाने फस्त करून मोठ्या शिरा तेवढ्या ठेवणारी अळी त्याहून निराळी.

अळीच्या शेपटाकडे एकच शिंगासारखा काटा असेल तर ती टसर नाही, हॉक मॉथच्या कुळातली आहे. शहरात कण्हेर आणि तगरीवर अशी अळी नेहमी दिसते. तिला कोषासाठी माती लागते, फांदी नाही. रिकाम्या डब्यात ठेवलीत तर ती फिरत फिरत थकून जाईल. अंगावर दाट केसांचे झुबके असलेल्या कोणत्याही अळीला उघडा हात लावू नका. खाज सुटलीच तर चोळण्याआधी चिकटपट्टीने केस उचलून काढा, मग साबणाने धुवा.

वाढीचे टप्पे न कळणे

मादी साधारण दीडशे ते अडीचशे अंडी घालते. अंड्यातून ८ ते १० दिवसांत अळी निघते. तीच अळी पहिल्या दिवशी पिवळट तपकिरी, काळ्या डोक्याची आणि नंतर हिरवी दिसते, म्हणून एकाच अळीच्या दोन जाती मोजल्या जातात. चार वेळा कात टाकून ती पाच टप्प्यांतून जाते. हवामानानुसार महिना ते दीड महिना लागतो. मोठी अळी बोटापेक्षा जाड, हिरवी, बाजूने पिवळसर रेघ आणि चंदेरी ठिपके असलेली. बहुतांश पाला ती शेवटच्या टप्प्यात खाते, त्यामुळे पहिले पंधरा दिवस पाला पुरला म्हणून पुढेही पुरेल असे गणित मांडू नका.

अळी डोके वर करून एका जागी थिजली, खाणे बंद झाले, की लोक ती आजारी समजून हलवतात. ती कात टाकत असते. पायांची पकड सुटली तर जुनी कात अंगावर अडकते आणि अळी दगावते. जागा बदलायचीच असेल तर ती बसलेली डहाळी कापून नव्या फांदीला बांधा.

खरा आजार वेगळा दिसतो. अळी मागच्या पायांवर डोके खाली करून लटकते, अंग मऊ पडते, तपकिरी द्रव गळतो. हा विषाणूचा संसर्ग. ती अळी लगेच काढून पुरा, पिंजरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा.

पाळायला दोन फूट लांबी-रुंदी-उंचीचा जाळीचा पिंजरा घ्या. फांद्या पाण्याच्या बाटलीत खोचून बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करा. कापूस विसरला की लहान अळ्या देठावरून उतरून पाण्यात बुडतात. हे फार वेळा होते. विष्ठा रोज काढायची. पाला ओला आणू नये, कीटकनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचा तर अजिबात नको. द्राक्षबागांच्या पट्ट्यात ही काळजी दुप्पट हवी.

कोष मेला समजून फोडणे

घाई सगळ्यात जास्त नडते ती इथे. टसरचा कोष अंड्याच्या आकाराचा, कडक, राखाडी किंवा पिवळट असतो आणि टणक देठाने डहाळीला लटकतो; देठाच्या टोकाचे कडे फांदीला वेढलेले असते. पावसाळ्यात विणलेल्या कोषातून काही आठवड्यांत पतंग निघू शकतो. पावसाळ्यानंतरचा कोष मात्र हिवाळा आणि उन्हाळा झोपून काढतो. कार्तिकात आणलेला कोष वैशाखात गप्प असेल तर त्यात बिघाड नाही.

आधी तपासा. देठाच्या बाजूला डागाळलेले, विस्कटलेले भोक असेल तर पतंग केव्हाच निघून गेला आहे. असे रिकामे कोष झाडावर पुढेही लटकत राहतात. बारीक, नीट कोरलेले भोक असेल तर आतला जीव परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीने संपवला. भोक नाही, हाताला जड लागतो, हलवल्यावर आत बोजड ठोका जाणवतो, तर कोष जिवंत. हलका लागून आत सुके खुळखुळत असेल तर नाही. ही परीक्षा एकदाच करा, रोज नको.

बाहेर यायला पतंगाला तुमच्या कात्रीची गरज नाही. तो तोंडातून पाचक रस सोडून कोषाचे टोक मऊ करतो आणि धागे सारून निघतो.

कोष देठ वर ठेवून, हवेशीर सावलीत टांगा. झाकणबंद बरणीत बुरशी येते. पत्र्याखाली एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात तो भाजून निघतो. कडक उन्हाळ्यात अधूनमधून पाण्याची बारीक फवारणी पुरे. आणि शेजारी खरखरीत काठी किंवा कापड हवेच. पतंग बहुधा संध्याकाळी निघतो आणि वर चढून पंख खाली लोंबकळू देतो. अर्ध्या तासाच्या आसपास ते भरतात. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो घसरला तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग उपाय नाही.

पतंगाला खाऊ घालणे

मध, साखरपाणी, केळे काही ठेवू नका. टसर पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. मादीने अंडी घातली पण ती खड्डे पडून सुकली तर बहुधा मीलनच झालेले नसते, कारण एकटी मादीही अंडी घालते. मादीला जाळीत ठेवून रात्री ऐनाजवळ टांगले तर गंधावर नर येतात. पतंग सोडायचे ते अंधार पडल्यावर. दिवसा कावळे टपलेले असतात.

राखीव वनातून किंवा बोरगडसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रातून कोष, अळी काही उचलायचे नाही. वनविभागाची परवानगी नसेल तर फक्त फोटो आणि नोंद. नोंदीत तारीख, गाव, झाड, अळीचा टप्पा आणि कोष विणल्याचा दिवस एवढे लिहा. नुसते «मोठा पतंग, त्र्यंबक» लिहिलेल्या फोटोचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही.