अर्ज जातात, पण फोन येत नाही? नोकरी शोधताना या चुका टाळा

"शंभर ठिकाणी अर्ज केले, एकही फोन नाही." हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा थकवाही पाहिला आहे. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो, की या शंभर जागांसाठी बायोडेटा किती वेगवेगळे होते? उत्तर बहुतेक वेळा 'एकच' असं येतं.

पण बायोडेटाला हात लावण्याआधी गाडी नेमकी कुठे अडते ते शोधा. फोनच येत नसेल तर दोष बायोडेटात किंवा तुम्ही निवडलेल्या जागांमध्ये आहे. फोन येतो, पण पहिल्या मुलाखतीनंतर शांतता पसरते, तेव्हा तयारी कमी पडते आहे. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन काम फिसकटत असेल तर पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड आणि रेफरन्स तपासा. मुलाखतीत अडकणारी माणसं बायोडेटाचे रंग आणि फॉन्ट बदलत बसतात तेव्हा वाईट वाटतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार आहे.

फोन न येण्याचं एक कारण अगदी तांत्रिक असू शकतं. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो, त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, अनुभव, शिक्षण अशा रकान्यांत भरतं. दोन कॉलमचा देखणा बायोडेटा असेल तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटू शकते. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला असेल तर काही वेळा तो वाचलाच जात नाही. स्कॅन करून पाठवलेला बायोडेटा तर नुसता फोटोच असतो. तपासायला दोन मिनिटं लागतात. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि सलग वाचून बघा. तिथे गोंधळ दिसला तर समोरही गोंधळच पोहोचत असण्याची शक्यता आहे. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवायची युक्ती मात्र करू नका. मजकूर वेगळा काढला की ते शब्द उघडे पडतात, आणि सोबत तुमचा हेतूही.

दुसरी चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. आपण काय केलं हे न लिहिता आपल्यावर काय सोपवलं होतं, ते लोक लिहितात. 'ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे' यातून काहीच कळत नाही. 'तक्रारींना उत्तर द्यायला दोन दिवस लागत होते. नोंदींची पद्धत बदलून त्याच दिवशी उत्तर जाऊ लागलं' यातून माणूस दिसतो. शिवाय समोरच्याला जे हवं आहे ते आधी यायला हवं. 1482च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र तयार केलं. त्यात आधी हलके पूल, वेढ्याची यंत्रं, तोफा असं सगळं येतं. चित्रकलेचा उल्लेख शेवटाकडे आहे. स्फोर्झाला लढाईची सामग्री हवी होती, हे त्याने ओळखलं होतं. जाहिरात दोनदा वाचून, तिथे जे पहिलं मागितलं आहे ते तुमच्या बायोडेटात वरच्या अर्ध्या पानात आणा. जे येत नाही ते मात्र लिहू नका.

मधे नोकरी नसलेला काळ तारखा सरकवून लपवू नका. लिंक्डइनवरच्या तारखा वेगळ्या निघाल्या की मूळ कारण कितीही रास्त असलं तरी विश्वास जातो. आजारपण, घरातली जबाबदारी, शिक्षण, जे असेल ते एका ओळीत सांगा.

अर्जांची नोंद ठेवत नसाल तर आजच एक एक्सेल शीट उघडा. कंपनी, पद, तारीख, कोणता बायोडेटा पाठवला, एवढं पुरे. जाहिरातीची प्रतही जपून ठेवा, कारण मुलाखतीचा फोन येईपर्यंत ती बहुतेक वेळा काढलेली असते. मग "आमच्याकडे कोणत्या पदासाठी अर्ज केला होता?" या साध्या प्रश्नावर माणूस चाचपडतो.

मुलाखतीबद्दल एवढंच सांगतो, की 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटल्यावर बायोडेटा पाठ म्हणू नका. या कामाशी जुळणारे दोन अनुभव, त्यात अडचण काय होती, तुम्ही काय केलं आणि पुढे काय झालं, हे आधी मोठ्याने बोलून पाहिलेलं असावं.

सध्या नोकरीत असाल तर ऑफिसच्या ईमेलवरून किंवा लॅपटॉपवरून अर्ज करू नका. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधत असल्याची खूण, फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशी ठेवता येते, पण तुमच्या कंपनीला कळणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर हातात येऊ द्या, त्यातला पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख वाचा. आणि नोकरी देण्यासाठी नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर फोन तिथेच ठेवा.