मग दुष्काळ पडलाच कसा? फँटसी कादंबरी लिहिण्याचा आणि प्रकाशित होण्याचा अनुभव

माझी पहिली फँटसी कादंबरी कधीच प्रकाशित झाली नाही. या वाटेवर नव्याने येणाऱ्यांना काही सांगायचे तर त्या कादंबरीपासूनच सुरुवात करणे मला योग्य वाटते. ती लिहायला मला चार वर्षे लागली आणि त्यांतले पहिले दीड वर्ष नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, दोन लिप्या आणि सातशे वर्षांचा इतिहास रचण्यात गेले. पूर्ण झालेली संहिता दोन लाख चाळीस हजार शब्दांची होती. तिच्यातल्या नायिकेला पाऊस बोलावण्याची विद्या येत होती, आणि बाराव्या प्रकरणात तिच्याच गावावर दुष्काळ कोसळत होता. हस्तलिखित सर्वांत आधी वाचणाऱ्या मैत्रिणीने शेवटचे पान मिटून एकच प्रश्न विचारला : “हिला पाऊस बोलावता येतो ना? मग दुष्काळ पडलाच कसा?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. सातशे वर्षांचा इतिहास लिहून ठेवणाऱ्या मला कथेच्या मुळाशी असलेला हा साधा प्रश्न एकदाही पडला नव्हता. फँटसी म्हणजे काहीही घडू शकते असा प्रकार, अशी माझी समजूत होती, आणि नवोदितांपैकी अनेकांची ती आजही असते. प्रत्यक्षात जिथे काहीही घडू शकते तिथे वाचकाला कशाचीच भीती वाटत नाही आणि कशाची आसही लागत नाही. जादूला काय येते यापेक्षा तिला काय येत नाही, आणि जे येते त्याची किंमत कोण मोजते, हे आधी ठरवावे लागते.

दुसऱ्या कादंबरीत मी तीच विद्या ठेवली, पण तिला एक अट घातली. जी पाऊस बोलावते तिची तहान, त्या पावसाचे पाणी वाहत वाहत समुद्राला मिळेपर्यंत, कशानेही भागत नाही. या एका वाक्याने माझे काम जितके सोपे केले तितके त्या सगळ्या नकाशांनी केले नव्हते. समुद्रापासून दूरच्या गावात ही विद्या वापरणे म्हणजे कित्येक दिवसांची तहान, म्हणून तिथे ती वापरायला कोणी धजत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना ती स्वस्त पडते, म्हणून सत्ता किनाऱ्याकडे जाते. वरच्या अंगाला कोणी बंधारा घातला तर पाणी अडते आणि एखादी बाई तहानेने मरू शकते. कथानक, राजकारण आणि खलनायकाचे शस्त्र हे तिन्ही त्या अटीतूनच निघाले. नवोदितांना मी म्हणूनच सांगते, की वंशावळ लिहायला घेण्यापूर्वी आपल्या जादूची अट एका वाक्यात लिहून पाहावी. ते वाक्य जमत नसेल तर कादंबरी लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही.

याचा अर्थ जगाची रचना बिनमहत्त्वाची आहे असा मात्र नव्हे. काल्पनिक जगात ड्रॅगन असल्याचे वाचक विनातक्रार मान्य करतो, पण घोडा एका दिवसात दोनशे किलोमीटर दौडला की त्याचा विश्वास उडतो. निरोगी माणूस दिवसाला साधारण पंचवीस ते तीस किलोमीटर चालतो, स्वार घेऊन रोज चालणारा घोडा चाळीस ते पन्नास, आणि बैलगाड्या व रसद बरोबर असलेले सैन्य त्याहून पुष्कळ कमी. नद्या वाहता वाहता एकमेकींना मिळतात. त्या फाटतात त्या मुख्यतः मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. डोंगररांगेच्या एका बाजूला ढग रिते झाले की दुसरी बाजू कोरडी राहते. नगर कितीही भव्य रंगवले तरी त्याचे धान्य कोणत्या वाटेने येते, याचे उत्तर लेखकापाशी असावे लागते. हे सगळे पुस्तकात सांगायचे नसते. माझ्या टिपणवहीतले फार तर दहावा भाग पानावर आले असेल. उरलेले लेखकाला चुका करू देत नाही, एवढेच त्याचे काम.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठीत फँटसी लिहिणाऱ्याला याबाबतीत उसने मार्गदर्शन फारसे उपयोगी पडत नाही. पहिल्या कादंबरीत मी पात्रांना जोडाक्षरांनी भरलेली, परकी वाटणारी नावे दिली होती. पुढे लक्षात आले, की मराठी वाक्यात प्रत्येक नावाला विभक्तीचा प्रत्यय लावावा लागतो आणि ‘ग्झार्थने’, ‘ग्झार्थला’, ‘ग्झार्थचा’ असे चारशे पाने वाचणे हा वाचकाला छळ होतो. आता मी कोणतेही नाव नक्की करण्यापूर्वी ते ‘ने’, ‘ला’, ‘चा’ आणि ‘हून’ लावून मोठ्याने म्हणून पाहते. कल्पित प्राण्याचे किंवा शस्त्राचे लिंगही पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, नाही तर तिसऱ्या प्रकरणात ‘तो’ असलेला प्राणी नवव्या प्रकरणात ‘ती’ होतो आणि सगळी क्रियापदे बदलत बसावी लागतात. कालमापनाचेही तसेच आहे. घड्याळ नसलेल्या जगात ‘पाच मिनिटांनी’ असे लिहिले की ते जग तिथेच मोडते. आपल्याकडे चोवीस मिनिटांची घटका आणि तीन तासांचा प्रहर हे शब्द तयार आहेत. ते अर्थ न सांगताही वाचकाला कळतात. मात्र संस्कृतप्रचुर शब्दांचा मारा केला म्हणजे भाषा प्राचीन होते, हा समज सोडून द्यावा. ‘फौज’, ‘हुकूम’, ‘शिबंदी’ हे शब्द वापरायचे की ‘सेना’, ‘आज्ञा’, ‘दल’, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. एकदा निवड केली की ती अखेरपर्यंत पाळावी. माझ्या मते एका राज्याला एक शब्दकळा आणि शेजारच्या राज्याला दुसरी दिली, तर वेगळी लिपी रचण्याची गरजच पडत नाही.

कामाच्या दिनक्रमाविषयी लोक फार विचारतात, परंतु त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. मी नोकरी करते आणि नोकरीला जाण्यापूर्वीचे दीड तास लिहिते. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला पाचशे शब्द, म्हणजे चाळीस आठवड्यांत एक लाख शब्दांचा पहिला खर्डा. लेखनासाठी दीर्घ रजा काढण्याचा प्रयोग मी एकदा केला आणि त्या रजेत रोजच्यापेक्षा कमी लिहून झाले, कारण वेळ अमर्याद असला की निर्णय पुढे ढकलले जातात.

खरे काम खर्ड्यानंतर सुरू होते. खर्डा संपला की मी तो महिनाभर बाजूला ठेवते आणि मग एकही शब्द न सुधारता सलग वाचते. वाचताना प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायची : या प्रसंगाच्या आधी आणि नंतर कोणाची परिस्थिती बदलली? ज्या प्रसंगासमोर ही ओळ लिहिता येत नाही तो बहुधा केवळ जग दाखवण्यासाठी लिहिलेला असतो. दुसऱ्या कादंबरीचा खर्डा एक लाख दहा हजार शब्दांचा होता. या पद्धतीने तो शहाण्णव हजारांवर आला. त्यात एका जत्रेचे संपूर्ण प्रकरण गेले, जे माझे सर्वांत आवडते होते. ते काढताना फार वाईट वाटले आणि आजही त्याची आठवण येते, पण त्या जत्रेतून कोणीही वेगळा होऊन बाहेर पडत नव्हता.

शब्दसंख्येविषयी नवोदितांच्या मनात एक गैरसमज घट्ट रुतलेला दिसतो, की महान फँटसी जाडच असते. त्यासाठी जे. आर. आर. टोल्किन यांचा दाखला दिला जातो. त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९३७च्या डिसेंबरमध्ये लिहायला घेतले आणि ते १९५४-५५मध्ये तीन खंडांत प्रकाशित झाले, हे खरे आहे. पण ‘द हॉबिट’ हे त्यांचे तुलनेने छोटे पुस्तक त्याआधीच, १९३७च्या सप्टेंबरमध्ये, वाचकांच्या हाती पडलेले होते आणि त्याचा पुढचा भाग प्रकाशकालाच हवा होता, हे मात्र कोणी सांगत नाही. नव्या लेखकाच्या बाबतीत हिशेब निराळा असतो. पुस्तक छापताना पाने सोळा-सोळांच्या फर्म्यांत मोजली जातात. प्रत्येक वाढीव फर्म्यामागे कागद, छपाई, बांधणी आणि मुद्रितशोधन यांचा खर्च वाढतो, आणि पानावर तीनशे शब्द धरले तर माझी पहिली कादंबरी आठशे पानांची, म्हणजे पन्नास फर्म्यांची होत होती. अनोळखी नावावर एवढी जोखीम कोणी का घ्यावी? इंग्रजी प्रकाशनव्यवसायातही प्रौढांसाठीच्या पहिल्या फँटसीची अपेक्षित लांबी साधारणपणे नव्वद हजार ते एक लाख वीस हजार शब्द अशी मानली जाते. याच कारणाने पहिले पुस्तक स्वतःपुरते पूर्ण असावे. पाच भागांच्या मालिकेचा पहिला भाग म्हणून अर्धवट थांबणारी कादंबरी पाठवणे म्हणजे न लिहिलेल्या चार पुस्तकांचा भार एका पुस्तकावर टाकणे होय.

पहिली संहिता मी चौदा ठिकाणी पाठवली होती. पाच नकार आले आणि नऊ ठिकाणांहून काहीच आले नाही. एका प्रकाशनसंस्थेने अकरा महिने हस्तलिखित ठेवून घेतले आणि शेवटी ते न वाचताच परत केल्याचे पाकिटावरून स्पष्ट दिसत होते. त्या वेळी झालेला त्रास मी विसरलेले नाही. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक प्रकाशकाची पुस्तके आधी वाचली, तो अद्भुतकथा छापतो की नाही हे पाहिले आणि जे मागितले आहे तेवढेच पाठवले : एका पानाचे पत्र, दोन पानांचा कथासार आणि पहिली तीन प्रकरणे. पत्रात जगाचे वर्णन करण्याचा मोह आवरावा लागतो. नायिका कोण, तिला काय हवे, काय आडवे येते आणि तिला कोणती किंमत मोजावी लागेल, एवढे चार-पाच वाक्यांत मावले पाहिजे. कथासारात शेवट लपवायचा नसतो. संपादकाला कथा सुटते कशी हेच पाहायचे असते. जिथे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या साहित्यिक एजंटांची पद्धत आहे, उदाहरणार्थ इंग्रजीत, तिथे हेच साहित्य आधी एजंटला जाते. एजंट सामान्यतः लेखकाच्या उत्पन्नाच्या पंधरा टक्के आणि परदेशी हक्कांवर वीस टक्के घेतो, तेही पुस्तक विकले गेल्यावर. वाचनासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटपासून दूर राहावे. पुस्तक छापण्यासाठी लेखकाकडूनच पैसे घेऊन स्वतःला पारंपरिक प्रकाशक म्हणवणाऱ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करणे हा सन्माननीय मार्ग आहे, परंतु त्यात संपादक, चित्रकार आणि मुद्रक लेखक स्वतः निवडतो आणि सर्व हक्क त्याच्याकडेच राहतात. लेखकाकडून पैसे घेऊन छापणे आणि स्वतः प्रकाशित करणे एकच असल्याचे कोणी भासवत असेल तर थांबून विचार करावा.

दुसरी कादंबरी सातव्या प्रकाशकाने स्वीकारली आणि स्वीकृतीपासून पुस्तक हाती येईपर्यंत वीस महिने गेले. संपादकांच्या पहिल्या पत्रात माझ्या संहितेवर नऊ पानांची टिपणे होती. ती वाचून दोन दिवस मी काहीच केले नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांतली बहुतेक बरोबर असल्याचे मान्य केले. पुढे मुद्रितशोधकांनी माझ्या कथेत नऊ दिवसांच्या अंतराने दोन पौर्णिमा आल्याचे दाखवून दिले. आता मी प्रत्येक प्रसंगासमोर तिथी लिहिते. माझ्या जगातही एकच चंद्र आहे, आणि त्याचे चक्र साडेएकोणतीस दिवसांचेच ठेवले आहे. पात्रांची नावे, स्थळे आणि विशेष शब्दांचे लेखन यांची एक सूची संहितेबरोबर दिली, तर शोधकांचे काम सुकर होते आणि त्यांचा आपल्यावरचा विश्वासही वाढतो.

करार वाचताना मात्र घाई करू नये. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील देशांमध्ये लेखनाचा कॉपीराइट लेखन होताच आपोआप लेखकाला मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. म्हणून करारात आपण नेमके काय देत आहोत हे पाहायचे असते. छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य आवृत्ती, अनुवाद आणि पडद्यावरील रूपांतर हे वेगवेगळे हक्क आहेत, आणि ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी’ अशी ओळ दिसली तर तिथे पेन खाली ठेवावे. मुदत किती, रॉयल्टी म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा छापील किमतीवर की प्रत्यक्ष वसुलीवर, हिशेब वर्षातून किती वेळा, आणि आवृत्ती संपून ती पुन्हा छापली गेली नाही तर हक्क परत कधी मिळणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत. आगाऊ रक्कम मिळाली तर ती बक्षीस नसते. पुढच्या रॉयल्टीतून ती वळती होते आणि ती फिटेपर्यंत लेखकाला आणखी काही मिळत नाही.

पहिल्या दोन वर्षांची माझी रॉयल्टी एकत्र केली तरी ती नोकरीच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी झाली नाही, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण नवोदितांनी नोकरी सोडण्याचा निर्णय या आकड्यासमोर बसून घ्यावा असे मला मनापासून वाटते. संहिता पाठवल्यानंतरच्या प्रतीक्षेत मी तिसऱ्या कादंबरीला हात घातला होता, आणि त्या महिन्यांनी मला जितके सावरले तितके कोणत्याही धीराच्या शब्दांनी सावरले नसते. सध्या तिचे साठ हजार शब्द झाले आहेत. यातल्या विद्येची अट मी तीन वेळा बदलली आहे, आणि काल ती मैत्रिणीला वाचून दाखवल्यावर तिने पुन्हा असा एक प्रश्न विचारला आहे, की त्यासाठी चौथे प्रकरण बहुधा नव्याने लिहावे लागेल.