कोड बरोबर आहे, तरी प्रोग्राम बनत नाही? कमांडची ओळ तपासा

समजा, नागपूर ते रामटेक हे सरळ रेषेतलं अंतर काढणारी, सी भाषेतली अंतर.सी ही फाइल उबंटू या लिनक्सवर कंपाइल करायची आहे, म्हणजे तिचा चालणारा प्रोग्राम बनवायचा आहे. वर्गमुळासाठी त्यात एसक्यूआरटी वापरलंय. बरोबर कमांड अशी:

जीसीसी -डब्ल्यूऑल अंतर.सी -ओ अंतर -एलएम

टाइप रोमन अक्षरांतच करायचं; डब्ल्यू तेवढा कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. यात जीसीसी हा कंपायलर, -डब्ल्यूऑल वॉर्निंग दाखवायला, -ओच्या पुढे बनणाऱ्या प्रोग्रामचं नाव आणि -एलएम गणिताच्या लायब्ररीसाठी.

एरर आला की आधी तो कुणाचा ते बघा. ओळीच्या सुरुवातीला अंतर.सी आणि ओळ क्रमांक असेल, तर चूक कोडमध्ये. सुरुवातीला 'जीसीसी:' असेल, तर बहुतेक वेळा ऑप्शनमध्ये किंवा फाइलच्या नावात. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं, तर कोड कंपाइल झालाय, गाडी लिंकरपाशी, म्हणजे कंपाइल झालेला कोड आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामपाशी, अडलीय.

लिंकरवाली चूक मुलांना सगळ्यात जास्त छळते. मॅथ.एच ही हेडर फाइल इन्क्लूड केल्याने लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शन्सचा संच, जोडली जात नाही, फक्त फंक्शनची घोषणा मिळते. जोडायला -एलएम लागतं, आणि तेही फाइलच्या नंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आली, तर तोवर तिच्यातलं काही कुणी मागितलेलंच नसतं, म्हणून तो तिला सोडून देतो. गंमत म्हणजे एसक्यूआरटीला थेट 2.0 दिलं, तर -एलएम नसतानाही प्रोग्राम चालतो, कारण उत्तर कंपायलरच काढून ठेवतो. व्हेरिएबल दिलं की एरर हजर.

स्मॉल ओच्या जागी कॅपिटल ओ पडला, तर तो ऑप्टिमायझेशनचा (प्रोग्राम वेगवान करण्याचा) ऑप्शन होतो आणि पुढचं 'अंतर' हे इनपुट फाइल समजलं जातं. म्हणून 'नो सच फाइल' येतं. पीडीएफमधून कमांड कॉपी केली तरी हाच एरर दिसू शकतो: तिथली डॅश लांब असते, ती पुसून कीबोर्डवरून टाइप करा.

-ओ आणि नाव दोन्ही राहिले, तर प्रोग्राम ए.आउट नावाने बनतो. तुम्ही मात्र जुना 'अंतर'च चालवत बसता आणि कोड बदलूनही उत्तर तेच येतं.

सर्वात घातक चूक मात्र -ओनंतर चुकून दुसऱ्याच सोर्स फाइलचं नाव देण्याची. कंपाइल यशस्वी झालं, तर त्या फाइलवर प्रोग्राम लिहिला जातो आणि तिच्यातला कोड जातो. एंटर मारण्याआधी -ओच्या पुढचा शब्द वाचा, त्याच्या शेवटी '.सी' दिसलं तर थांबा.