पेशंटला काही झालं नाही, तरी फॉर्म भरा

पेशंट पडला, चुकीचं इंजेक्शन गेलं, तर इन्सिडंट फॉर्म भरायचा, एवढं वॉर्डात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला सांगायचंय ते पेशंटला काहीच झालेलं नसतं तेव्हाचं. मी तिथेच फसले.

नोकरीचा तिसरा महिना, नाइट ड्यूटी. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरताना लेबल पुन्हा वाचलं आणि हात थांबला. मिलिलिटरला १,००० युनिटची व्हायल हवी होती, हातात ५,००० ची होती. दोन्ही एकाच खणात, आकार सारखा, झाकणाचा रंगही जवळजवळ तोच. मी व्हायल बदलली. सीनियर सिस्टर म्हणाल्या, "दिलं नाहीस ना? मग फॉर्म कशाला?" मला हायसं वाटलं.

आठ दिवसांनी त्याच खणातली तीच व्हायल दुसऱ्या शिफ्टमध्ये माझ्या मैत्रिणीच्या हातून पेशंटला गेली. रक्तस्राव सुरू झाला, हेपारिनचा उतारा म्हणून प्रोटामीन द्यावं लागलं. पेशंट वाचले. पण मैत्रिणीचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्या खणात काय घोळ आहे, हे मला आधीच माहीत होतं.

माझ्या हातून थोडक्यात टळलं, त्याला निअर मिस म्हणतात. नीट समजून घ्या: चूक तुम्ही पकडलीत, पण ती घडवणारा खण तिथेच आहे. पुढची सिस्टर दमलेली असेल, लेबल दुसऱ्यांदा वाचणार नाही. तोंडी सांगितलेलं हँडओव्हरबरोबर विरून जातं. "तोंडी सांग, पुरे" म्हणणाऱ्या सीनियरकडून सलाइन लावायला जरूर शिका, हे शिकू नका.

अमेरिकेतले वैमानिक १९७६ पासून असे थोडक्यात टळलेले प्रसंग नासाकडे कळवतात, कारवाई करणाऱ्या खात्याकडे नाही. म्हणून ते मोकळेपणाने लिहितात. सगळ्या हॉस्पिटलांत तसं वातावरण नसतं. फॉर्मवर सही करताना मला आजही धाकधूक होते. नाव न घालता देण्याची सोय असेल तर तसा द्या, पण द्या. लपवलेली चूक पुढे उघडी पडली, तर तुमची बाजू घ्यायला कोणी उरत नाही.

चूक पेशंटपर्यंत पोचली असेल तर आधी पेशंट बघा, डॉक्टरांना कळवा, व्हायल फेकू नका. केसपेपरवर काय झालं आणि काय उपचार दिले ते लिहा. फॉर्म त्यानंतर, पण ड्यूटी संपायच्या आत. आणि "सिस्टरने निष्काळजीपणे" असलं काही लिहू नका. "रात्री २.१० वाजता दोन्ही स्ट्रेंथच्या व्हायल एकाच खणात होत्या" असं, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच.

मैत्रिणीची चौकशी सुरू झाली तेव्हा मी माझा राहिलेला फॉर्म भरला, आठ दिवस उशिरा, रडत. दोन वेगळ्या हातांनी तीच व्हायल उचलली होती, हे कागदावर आल्यावर चौकशी तिच्यावरून खणाकडे वळली. आता ५,००० ची व्हायल वेगळ्या कपाटात असते.