घरच्या हीटिंग तेलाच्या टाकीवर चोरांनी डल्ला मारू नये म्हणून काय काय करायचं

आपल्याकडून इंग्लंडला आलेली मंडळी आधी बहुतेक लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टरला राहतात, तिथे घरात पाइपाने गॅस येतो त्यामुळे तेलाची टाकी हा प्रकार माहीतच नसतो. मग कोणाची तरी नोकरी लांबच्या हॉस्पिटलमध्ये लागते, खेड्यात घर घेतलं जातं आणि मागच्या अंगणात एक मोठी हिरवी प्लॅस्टिकची टाकी आपल्या वाट्याला येते. आमचं नॉरफोकमध्ये तसंच झालं. ब्रिटनमध्ये साधारण १५ लाख घरं अशी तेलावर गरम होतात, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून जास्त, आणि हे तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं रॉकेलच आहे. ज्या रॉकेलसाठी आमच्या आईने रेशनच्या दुकानासमोर कॅन घेऊन तासन् तास रांग लावली तेच इथे हजार लिटर अंगणात उघड्यावर ठेवलेलं असतं, आणि त्यावर कुलूप म्हणून जे असतं ते सूटकेसला लावतो तेवढं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी उठलो तर घर गारठलेलं, रेडिएटर थंड, बॉयलरवर लाल दिवा. मी दोनतीनदा रीसेट दाबलं, काही होईना. मागचं दार उघडलं आणि वास आला, लहानपणी स्टोव्ह भरताना नरसाळ्यातून सांडायचं ना, तसाच भपकन वास. टाकीचं झाकण गवतात पडलेलं, कुलूप कापलेलं, आणि खालच्या बाजूने पाइप तोडून टाकलेला, त्यातून अजून थेंब थेंब गळत होतं. चोरांनी किती नेलं ते नंतर कळलं, साधारण सहाशे लिटर. पण खरा त्रास नेलेल्या तेलाचा नव्हता, मागे सांडून गेलेल्या तेलाचा होता. तो गवताचा पट्टा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काळपट राहिला, माती खणून न्यावी लागली, आणि तो खर्च तेलाच्या कितीतरी पट झाला. म्हणून सांगते, टाकीचा बंदोबस्त करताना फक्त "तेल जाईल" असा विचार करू नका, "तेल सांडेल" हा विचार आधी करा.

आधी चोर कसा येतो ते बघा. हजार लिटर रॉकेलचं वजन ८०० किलोच्या आसपास होतं, ते काही कोणी हातात उचलून नेत नाही, त्याला व्हॅन लागते, व्हॅनमध्ये मोठी टाकी किंवा कॅन लागतात आणि बॅटरीवरचा पंप लागतो. असे पंप मिनिटाला चाळीसेक लिटर सहज ओढतात म्हणजे पाचशे लिटरला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तर त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, व्हॅन नळीच्या टप्प्यात आणता यायला पाहिजे आणि तेवढी मिनिटं कोणी बघता कामा नये. आपण या दोन्हींच्या आड यायचं.

म्हणून माझ्या मते सगळ्यात आधी गेट. महागडं कुलूप, कॅमेरा सगळं नंतर. ड्राइव्हवेला गेट असेल तर रात्री ते खरोखर लावा, नुसतं लोटून ठेवू नका, आणि बिजागऱ्या अशा बसवून घ्या की गेट उचलून काढता येणार नाही, नाहीतर कुलूप शाबूत राहतं आणि गेट बाजूला ठेवलेलं सापडतं. गेट नसेल तर रात्री गाडी अशी आडवी लावा की मागे दुसरी गाडी जाऊच शकणार नाही. आम्ही आता तेच करतो, त्याला एक पैसा लागला नाही. टाकीभोवती जाडसर खडी टाकली तर पाऊल पडलं की करकर आवाज येतो, तीही स्वस्तात होते.

आता कुलूप. क्लोज्ड शॅकल म्हणतात तसलं घ्या, म्हणजे कुलपाची कडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, कटरचा जबडा आत घालायला जागाच राहत नाही. बाहेर पावसात राहणार म्हणून वरून रबरी टोपी असलेलं घ्या आणि थंडीच्या आधी एकदा तेल सोडा, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी उघडत नाही आणि ड्रायव्हर न भरताच निघून जातो. पण प्लॅस्टिकच्या टाकीला ज्या कडीत कुलूप अडकवायचं ती कडीसुद्धा प्लॅस्टिकचीच असते हे लक्षात ठेवा. कुलपाने चोराची मिनिटं वाढतात, बस एवढंच, पण ती मिनिटंच तर आपल्याला हवी आहेत. आणि काहीही करा पण जादा कडी बसवायला म्हणून टाकीला स्वतः ड्रिल मारू नका. किल्ली कुंडीखाली ठेवून ड्रायव्हरला सांगायची पद्धत तर बंदच करा, शेजारी देऊन ठेवा.

अलार्मबद्दल जरा सविस्तर सांगते कारण यानेच मला सगळ्यात जास्त निर्धास्त वाटतं. टाकीच्या वर एक छोटा सेन्सर बसतो, तो अल्ट्रासाउंडने तेलाची पातळी मोजतो आणि घरात प्लगमध्ये लावलेल्या डब्बीला रेडिओने कळवतो. यातली काही मॉडेलं नुसती पातळी दाखवतात, काही मात्र पातळी एकदम खाली गेली की वाजायला लागतात, विकत घेताना वाजणारंच घ्यायचं. फोनवर मेसेज पाठवणारीही मिळतात. ती डब्बी किचनमध्ये लावाल तर रात्री दोन वाजता वाजलेली वर बेडरूममध्ये ऐकू येणार नाही, आमची जिन्याच्या वरच्या प्लगला आहे. आणि सेन्सरची बॅटरी संपत आली की बदला, आम्ही दिवाळीच्या साफसफाईत बदलतो म्हणजे लक्षात राहतं आणि थंडीच्या आत होतं. जुन्या टाक्यांना बाजूला पारदर्शक नळी असते पातळी बघायला, तिचा कॉक बघून झाला की बंद करायचा, कारण उघडा राहिला आणि कोणी ती नळी तोडली किंवा नुसती उन्हाने तडकली तरी अख्खी टाकी तिथून रिकामी होते.

टाकी रस्त्यावरून दिसू नये पण घरातून दिसावी. बरेच जण टाकी इतकी लपवतात की चोराला आरामात काम करायला आडोसाच मिळतो, तसं नको. काटेरी झुडपं चांगली, इथे पायराकँथा आणि हॉथॉर्न सगळीकडे मिळतात, पण ती टाकीपासून निदान ६०० मिलिमीटर लांब लावा. लोखंडी जाळीचा पिंजराही करून मिळतो, फक्त आधी तेलाचं काम करणाऱ्या रजिस्टर्ड टेक्निशियनला विचारा, कारण व्हॉल्व्ह, फिल्टरपर्यंत त्याचा हात पोचला पाहिजे आणि टाकीला आगीच्या दृष्टीने अंतरं ठरलेली आहेत, घराच्या दारंखिडक्यांपासून १.८ मीटर आणि साध्या लाकडी कुंपणापासून ७६० मिलिमीटर. टाकी हलवायचा विचार असेल तरी हेच.

लाइट लावायचा तर झगझगीत फ्लडलाइट नको, त्याने मागे गडद सावल्या पडतात आणि कोल्हा, मांजर गेलं तरी पेटतो, आठवड्यात आपण बघायचंच सोडून देतो. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत मंद जळणारा कमी वॅटचा दिवा बरा, त्यात हललेलं माणूस लगेच दिसतं. कॅमेरा लावलात तर तो आपल्याच अंगणावर रोखा, रस्ता किंवा शेजाऱ्याची बाग त्यात आली तर डेटा प्रोटेक्शनचे नियम लागू होतात.

टाकी जुनी एकपदरी असेल आणि बदलायची वेळ आलीच असेल तर बंडेड घ्या, म्हणजे टाकीत टाकी, बाहेरच्या टाकीत आतलीच्या ११० टक्के मावतं. चोराने बाहेरून भोक पाडलं तरी त्याच्या हाती लगेच तेल लागत नाही आणि आतली फुटली तर तेल बाहेरच्या कवचात राहतं. पाइप तोडला तर मात्र बंडचा उपयोग नाही, ते आमच्याकडे झालंच.

भाव चढला की चोऱ्या वाढतात, हे गावात सगळेच सांगतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या लढाईनंतर तेलाचा भाव काही दिवसांतच दुपटीवर गेला तेव्हा आमच्या गावात सगळ्यांनी कुलपं बदलली. एकदा चोरी झाली की लगेच टाकी काठोकाठ भरू नका, चोर परत येतात, त्यांना माहीत असतं की तुम्ही भरणार. बहुतेक ठिकाणी कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं, तेवढंच घ्या.

आणि आपल्या लोकांसाठी खास, डिसेंबरात चार आठवडे भारतात जाताना टाकी भरून जाऊ नका. घर बंद, पडदे ओढलेले, टाकी फुल, याहून सोपं काम चोराला मिळणार नाही. पाव ते एक तृतीयांश ठेवा, म्हणजे पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग मंद चालू ठेवता येतं. शेजारच्यांना फेरी मारायला सांगा, आमच्या शेजारच्या आजीबाई रोज कुत्रा फिरवताना टाकीकडे नजर टाकतात, आम्ही येताना त्यांच्यासाठी बाकरवडी आणतो. आपण घरी असतानाही आठवड्यातून एकदा पातळी वहीत लिहा, भरल्यावर तारखेसकट फोटो काढा, बिल जपून ठेवा. इन्शुरन्सवाले किती तेल होतं याचा पुरावा मागतात. पॉलिसीत चोरलेलं तेल आणि सांडलेल्याची साफसफाई या दोन्ही गोष्टी आहेत का ते आजच बघा, कित्येक पॉलिसीत पहिली असते आणि दुसरीला मर्यादा असते.

एवढं करूनही झालीच चोरी, तर चोर अजून अंगणात असतील तेव्हा बाहेर जाऊ नका, आतून ९९९ लावा, गाडीचा नंबर दिसला तर लिहून घ्या. ते गेल्यावर कळलं तर १०१, म्हणजे पोलिसांचा तातडी नसतानाचा नंबर, आणि क्राइम नंबर मागून घ्या, इन्शुरन्सला लागतो. बॉयलरचं रीसेट माझ्यासारखं दाबत बसू नका, टाकी रिकामी झाली की पाइपात हवा आणि तळचा गाळ शिरतो, तो टेक्निशियननेच काढायचा. गळत असेल तर टाकीचा कॉक बंद करा, खाली बादली लावा, सांडलेल्यावर वाळू, माती नाहीतर कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शीसाठी मिळतात ते दाणे, टाका. त्यावर पाणी मारून धुवू मात्र नका, तसं केलं की ते गटारात आणि ओढ्यात जातं. सांडलेलं मातीत मुरलं असेल तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीला ०८०० ८० ७० ६० वर फोन करा, नंबर चोवीस तास चालू असतो. आणि नळाच्या पाण्याला रॉकेलचा वास येतोय का ते बघा, जमिनीतल्या प्लॅस्टिकच्या पाइपातून ते आत झिरपतं. वास आला तर ते पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही घ्यायचं नाही आणि लगेच पाण्याच्या कंपनीला कळवायचं.